चोको लाव्हा केक फोडला आणि आत लाव्हाच नाही: काय काय तपासावे

मी घरी बेकिंगचे छोटे वर्ग घेते आणि गेल्या काही वर्षांत ज्या पदार्थासाठी मला सर्वाधिक फोन आले तो म्हणजे चोको लाव्हा केक. फोन बहुधा रात्री नऊनंतर येतो, मागे पाहुण्यांचा आवाज असतो आणि पहिले वाक्य ठरलेले असते: ‘ताई, सगळे मापाने केले, तरी आत कोरडाच निघाला.’ बिघाड बहुतेक वेळा मापात नसतो. तो घड्याळात, साच्यात किंवा ओटीजीच्या (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या) आकड्यात असतो. पुढच्या तपासण्या फुकटात होणाऱ्यांपासून पैसे खर्च करायला लावणाऱ्यांपर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडून थेट नवा ओटीजी घेण्याचा विचार करू नये.

लक्षणे

पहिले आणि सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे केक दिसायला उत्तम, पण चमच्याने फोडल्यावर आतून साध्या कपकेकसारखा जाळीदार निघणे. दुसरे याच्या उलट: बशीत उलटा करताच केक खचतो, कडासुद्धा पातळ असतात आणि सगळ्याची खीर होते. तिसऱ्यात केक नीट भाजला जातो, मात्र चॉकलेट तळाशी किंवा बाजूच्या भेगेतून साच्यातच वाहून जाते आणि आत रिकामी पोकळी उरते. चौथ्यात वरचा पापुद्रा करपतो आणि त्याखाली अर्धा इंच कच्चे पीठ राहते. केक साच्याला चिकटून अर्धा वर, अर्धा आत राहणे हे पाचवे. यांखेरीज वितळलेले चॉकलेट मध्येच रवाळ गोळा होऊन बसते, ती तक्रार केक भाजण्यापूर्वीची आहे. तिच्याविषयी पुढे ओघात लिहिले आहे.

आधी ठरवा: तुमचा केक कोणत्या जातीचा?

या नावाखाली दोन वेगळे पदार्थ केले जातात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. फ्रान्समधील लागिओल येथील मिशेल ब्रास यांनी 1981 मध्ये जो केक केला, त्यात गोठवलेल्या गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा, गोळा पिठाच्या पोटात ठेवलेला होता. पीठ पूर्ण भाजले जाई आणि गोळा आत वितळे. न्यूयॉर्कमध्ये 1987 च्या सुमारास झाँ-जॉर्ज व्हॉन्गरिश्टन यांच्यामुळे जो प्रकार प्रसिद्ध झाला, त्यात वेगळा गोळा नसतो. अंडी, बटर, चॉकलेट आणि अगदी थोडा मैदा यांचे मिश्रण कडेने शिजते, मध्ये मुद्दाम अर्धवट ठेवले जाते आणि तोच लाव्हा.

आपल्याकडे अंड्याशिवाय केक करणाऱ्या घरांत बहुधा पहिली जात असते, कारण दही-दुधाचे कच्चे पीठ खायला चांगले लागत नाही. त्यात कच्च्या मैद्याची चव उतरते. तेव्हा अंड्याविना केक करणाऱ्याने ‘दोन मिनिटे आधी बाहेर काढा’ हा सल्ला मानला, तर त्याच्या बशीत लाव्हा येत नाही, कच्चे पीठ येते. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका सरमिसळीतून जन्मलेल्या असतात: कृती एका जातीची आणि वेळ दुसऱ्या जातीची.

पुढे आकडे देताना मी अंड्याच्या जातीसाठी हे प्रमाण धरले आहे: 100 ग्रॅम डार्क चॉकलेट, 100 ग्रॅम बिनमिठाचे बटर, 2 अंडी आणि आणखी 2 बलक, 50 ग्रॅम पिठीसाखर, 30 ग्रॅम मैदा; साधारण 110 मिलीच्या चार ॲल्युमिनियमच्या वाट्या; 200 अंश सेल्सिअस; 9 ते 11 मिनिटे.

केक बाहेर काढल्यावर तुम्ही काय करता?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून ती पहिली. केक झाल्यावर ओटीजी बंद करून, पाहुणे जेवेपर्यंत गरम राहावेत म्हणून ते आतच ठेवण्याची सवय अनेकांना असते. बंद केलेल्या ओटीजीच्या भिंती आणि ट्रे बराच वेळ तापलेले राहतात, त्यामुळे केक शिजतच राहतो. अंड्याचा बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. मध्यभाग त्या उंबरठ्यावर असताना बाहेर काढलेला केक आणि आत पाच मिनिटे राहिलेला केक हे दोन वेगळे पदार्थ होतात. बाहेर ओट्यावर, गरम साच्यातच ठेवला तरी हेच घडते, फक्त सावकाश.

म्हणून केक बाहेर काढल्यावर एक मिनिट थांबावे, सुरी कडेने फिरवावी, बशी पालथी घालून उलटावे आणि तीन-चार मिनिटांत वाढावे. हे जमणार नसेल, तर भाजण्याचीच वेळ पुढे ढकलावी. कच्चे मिश्रण साच्यांत भरून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तम राहते आणि जेवणाची ताटे उचलली जात असताना ते आत टाकता येते. मात्र थेट फ्रीजमधून काढलेल्या साच्याला दोन-तीन मिनिटे जास्त द्यावी लागतात. ती दिली नाहीत तर दुसरे लक्षण, म्हणजे खीर, हमखास दिसते.

एकच वाटी आधी

घरच्या ओटीजीत सहा वाट्या एकदम भरण्याआधी एकच वाटी भाजून फोडून पाहावी. वेळ मोबाइलवर लावावी, कारण ओटीजीचे चावीचे घड्याळ एक-दोन मिनिटे सहज इकडेतिकडे होते आणि इथे दोन मिनिटांतच सगळा खेळ आहे. आठव्या मिनिटापासून काचेतून पाहावे. कडेचा साधारण एक सेंटीमीटर भाग कोरडा दिसू लागतो आणि साच्यापासून किंचित सुटतो. मध्ये रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती मात्र ओलसर राहते आणि ट्रे हलवला की दह्याच्या विरजणासारखी थरथरते. तीच वेळ. चकती पूर्ण फुगून तिच्यावर भेग पडली असेल, तर उशीर झालेला आहे.

एका वाटीला लागलेल्या वेळेत सहा वाट्यांसाठी एक-दीड मिनिट मिळवावे, कारण थंड मिश्रण जितके जास्त, तितकी आतली उष्णता ते शोषून घेते. दार उघडून पाहू नये, हे वेगळे सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गनाशच्या जातीत सुई मध्यभागी खुपसून उपयोग नाही. ती गनाशने माखूनच बाहेर येणार आणि तुम्ही केक कच्चा समजून आणखी पाच मिनिटे भाजणार. सुई कडेपासून एक सेंटीमीटरवर घालावी.

रॉड, जाळी आणि पंखा

वरून करपणे आणि आतून कच्चे राहणे हा दोष बहुतेक वेळा एका बटणाचा असतो. ओटीजीवर वरचा रॉड, खालचा रॉड आणि दोन्ही, अशा खुणा असतात. आदल्या दिवशी कुणी पनीर टिक्का केला असेल तर बटण ग्रिलवर राहिलेले असते. केकसाठी दोन्ही रॉड, जाळी मध्याच्या किंचित खाली आणि साचे भिंतींपासून सुटे ठेवावेत. पंखा चालू असेल तर तापमान 20 अंशांनी कमी लावावे, कारण खेळती हवा तीच उष्णता अधिक वेगाने केकपर्यंत पोचवते.

मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवा फिरवून भाजणाऱ्या मोडवर, आहे ना, हे पाहावे. साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये कडा आधी आणि मध्य नंतर हा क्रमच पाळला जात नाही, म्हणून त्यात लाव्हा साधणे नशिबावर असते. मगमध्ये केक करावा, त्याला लाव्हा म्हणू नये. कुकरमध्ये मीठ घालून केलेला केक मला मान्य आहे, पण या पदार्थासाठी नाही. उष्णता खालूनच येते आणि आत दिसत काहीच नाही.

साचा

कृतीत लिहिलेली वेळ कोणत्या साच्यासाठी आहे, हे लिहिणारे क्वचितच सांगतात. ॲल्युमिनियम उष्णता झटकन आत पोचवते. स्टीलची वाटी त्याहून बरीच मंद. चिनीमातीची आणखी मंद. सिलिकॉन सर्वांत सुस्त. ॲल्युमिनियमच्या वाटीत 10 मिनिटांत होणाऱ्या केकला माझ्या चिनीमातीच्या वाट्यांत 13 मिनिटे लागतात. शिवाय चिनीमाती बाहेर काढल्यावरही तापलेली राहते, म्हणून तिच्यातला केक उलटायचा नसेल तरी लगेच खायला द्यावा.

चिकटण्याचे कारण जवळजवळ नेहमी घाईत लावलेले बटर असते. मऊ बटर ब्रशने तळापासून वर लावावे, वर कोको पावडर भुरभुरून साचा फिरवावा आणि उलटा करून आपटावा. आतली भिंत सगळीकडे तपकिरी मखमलीसारखी दिसली पाहिजे. जिथे धातू चमकतो तिथे केक चिकटणार. मैद्यापेक्षा कोको बरा, कारण काळ्या केकवर पांढरे डाग उठत नाहीत. साचा पाऊणपेक्षा जास्त भरू नये. काठोकाठ भरलेला केक फुगून फाटतो आणि तिसऱ्या लक्षणातली गळती तिथून सुरू होते.

चॉकलेट

इथून पुढे थोडा खर्च येतो. मिश्रणात किंवा पोटात चोको चिप्स घातल्या असतील तर तपास इथेच संपू शकतो. चिप्स भाजताना आकार टिकवण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या मऊ होतात, वाहत नाहीत. कंपाऊंड चॉकलेटच्या पाटीत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध वापरलेले असते. त्याचा लाव्हा वाहतो, पण बशीत आल्यावर लवकर घट्ट होतो आणि टाळूला मेणचट थर राहतो. वेष्टनावरच्या घटकांत कोको बटर लिहिलेले चॉकलेट घ्यावे. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडाच्या उष्णतेनेही वितळते, आणि लाव्ह्याची सगळी मजा त्यात आहे.

चॉकलेट रवाळ होऊन आवळले, तर त्यात पाण्याचा थेंब गेला आहे: ओल्या चमच्याने, डबल बॉयलरच्या (उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याच्या) वाफेने किंवा पावसाळ्यात नीट न पुसलेल्या भांड्याने. थोडे पाणी साखरेच्या आणि कोकोच्या कणांना एकमेकांना चिकटवते. गंमत अशी की आणखी गरम पाणी किंवा क्रीम घातले की ते पुन्हा सैल होते. 100 ग्रॅमला दोन चमचे घालून ढवळावे आणि ते चॉकलेट गनाशसाठी वापरावे, केकच्या मिश्रणासाठी नको. मायक्रोवेव्हमध्ये वितळवताना निम्म्या पॉवरवर वीस-वीस सेकंद द्यावेत आणि प्रत्येक वेळी ढवळावे.

गनाशचा गोळा

60 ग्रॅम चॉकलेट आणि तितकेच बाजारातले 25 टक्के स्निग्धांशाचे क्रीम यांत सहा गोळे होतात, प्रत्येकी सुमारे 20 ग्रॅमचे. याहून लहान गोळा पीठ शोषून घेते आणि केक ‘आत थोडा ओलसर’ एवढाच होतो. गोळे फ्रीजरमध्ये किमान दोन तास दगडासारखे गोठले पाहिजेत; नुसते थंड केलेले गोळे पीठ सेट होण्याआधीच वितळून तळाशी जातात. तळात छिद्र पडण्याचे दुसरे कारण पातळ पीठ. ते इडलीच्या पिठाइतके दाट असावे. साच्यात निम्मे पीठ, मध्ये गोळा, वर उरलेले पीठ, आणि गोळा बोटाने खाली दाबू नये. आपण सगळेच दाबतो.

मैदा आणि फेटणे

30 ग्रॅम मैदा म्हणजे सपाट केलेले चार मोठे चमचे. तेच चमचे शिगोशीग भरले तर मैदा दीडपट-दुप्पट होतो आणि अंड्याच्या जातीत लाव्हा नाहीसा व्हायला एवढे पुरते, कारण मैद्यातला स्टार्च पाणी धरून मध्य घट्ट करतो. काट्याने वजन करावे. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा हा या यादीतला मला सर्वांत योग्य वाटणारा खर्च आहे.

अंडी आणि साखर फिकट होईपर्यंत फेटावीत, पण स्पंज केकसारखी दुप्पट फुगवू नयेत. जास्त हवा गेली की केक जाळीदार होतो. वितळलेले चॉकलेट-बटर बोटाला कोमट लागेल इतके निवल्यावरच अंड्यांत ओतावे. गरम ओतले तर अंडी तिथेच शिजू लागतात आणि मिश्रणात गुठळ्या दिसतात. मैदा चाळून कट अँड फोल्ड पद्धतीने, म्हणजे न फेटता हलक्या हाताने खालून वर उलटत, दिसेनासा होईपर्यंतच मिसळावा.

ओटीजी खरे बोलतो का?

इथपर्यंत सगळे बरोबर असेल, तर आकड्यावर संशय घ्यावा. घरच्या ओटीजीचा थर्मोस्टॅट (लावलेले तापमान राखणारा भाग) 15-20 अंशांनी चुकलेला असणे मी इतक्या वेळा पाहिले आहे की नव्या विद्यार्थिनीला मी पहिल्या दिवशीच साखरेची चाचणी करायला लावते. साखर साधारण 186 अंशांना वितळते. ओटीजी 175 वर अर्धा तास तापवावा, फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घालून ती मधल्या जाळीवर, रॉडपासून दूर ठेवावी आणि 15 मिनिटांनी पाहावे. दाणे पांढरे आणि सुटे असतील तर ठीक. कडा पारदर्शक होऊन पाक दिसू लागला, तर ओटीजी सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. मग आकडा 190 वर नेऊन नवी साखर ठेवावी; 15 मिनिटांत ती वितळू लागली पाहिजे. नाही वितळली, तर ओटीजी कमी तापतो. जास्त वेळ ठेवल्यास कमी तापमानालाही साखर बिघडू लागते, म्हणून 15 मिनिटांची मर्यादा पाळावी. काही शे रुपयांत मिळणारा ओव्हन थर्मामीटर हेच काम अधिक नेमकेपणाने करतो. चूक एकदा कळली की दुरुस्ती बहुधा लागत नाही. माझा जुना ओटीजी 20 अंश थंड होता आणि मी त्यावर कित्येक वर्षे 220 लावून 200 चे काम करून घेतले.

दिवा विझला म्हणजे ओटीजी तापला, हेही पूर्ण खरे नाही. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे नाही. दार उघडताच ती हवा निघून जाते. दिवा दोन-तीनदा लागून विझू द्यावा.

व्होल्टेजची गोष्ट यातच येते. माझ्या मोठ्या जाऊबाई इस्लामपूरला असतात. त्यांचा केक दुपारी उत्तम होई आणि संध्याकाळी त्याच वेळात कच्चा राही. वर्षभर त्या अंड्यांना दोष देत होत्या. एका संध्याकाळी वायरमनने मीटर लावला तेव्हा सॉकेटवर 200 व्होल्ट निघाले. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून 230 व्होल्टचा 1500 वॅटचा ओटीजी 200 व्होल्टवर सुमारे 1130 वॅटचाच उरतो. तो शेवटी तापतो, पण उशिरा, आणि दार उघडल्यावर सावरायलाही उशीर करतो. जाऊबाई आता 10 ऐवजी 25 मिनिटे तापवतात आणि खालच्या जाळीवर जाड लोखंडी तवा आधीपासून ठेवतात. तापलेला तवा उष्णता धरून ठेवतो. तेव्हापासून त्यांचा फोन केकसाठी आलेला नाही.

कुठे थांबावे

ओटीजीच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, प्लगच्या पिना काळ्या पडल्या किंवा जळका वास आला, तर केकचा विचार सोडून मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. हा अर्थिंगचा किंवा सैल जोडणीचा प्रश्न असतो आणि तो घरी सोडवायचा नसतो. 1500 वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो. 6 अँपिअरच्या लहान सॉकेटवर कन्व्हर्टर प्लग लावून तो चालवणे म्हणजे प्लग वितळण्याची वाट पाहणे. 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा. टीव्ही-फ्रीजचा स्टॅबिलायझर ओटीजीला जोडू नये. तो एवढ्या भारासाठी नसतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बरेच दिवस बंद असलेला ओटीजी लावताच घरातला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. रॉडच्या आत भरलेली पूड हवेतला ओलावा धरते आणि विजेची गळती होते, हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. ते ओळखून जाणकाराने तपासावे. आरसीसीबी वर करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. रॉडला फुगवटा किंवा भेग दिसली, दोन रॉडपैकी एक तापतच नसला, किंवा आकडा कितीही फिरवला तरी उष्णता बदलत नसली, तरीही सर्व्हिसवाल्याकडेच जावे.

आणखी एक ठिकाण असे आहे जिथे तंत्र पुरे पडत नाही. अंड्याच्या जातीत मध्य 71 अंशांपर्यंत, म्हणजे अंडे निर्धोक मानले जाते तिथवर, पोचलेला नसतो. पोचला तर लाव्हा राहत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारातून उठलेले कुणी जेवायला असेल, तर या जातीची दुरुस्ती करत बसू नये; गनाशची जात करावी आणि बाहेरचा केक पूर्ण भाजावा.

सर्व्हिसवाल्याकडे जाताना ‘केक नीट होत नाही’ असे सांगू नये. तो दोन्ही रॉड लाल होतात हे दाखवून ओटीजी परत देईल आणि तपासणीचे पैसे घेईल. ‘175 वर 15 मिनिटांत साखर वितळते’ किंवा ‘190 वर थर्मामीटर 165 च दाखवतो’ असे सांगावे, म्हणजे तो थेट थर्मोस्टॅटकडे वळतो. यंत्र घरी परत आले की पहिल्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नयेत. आधी साखर ठेवावी आणि मग एक वाटी.